रुडी व्हॅन गेल्डर: माइकपासून तबकडीपर्यंत एकच हात

पुण्यात साउंड इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "जुनं अमेरिकन जॅझ ऐकायला लागल्यापासून रुडी व्हॅन गेल्डर हे नाव जिथे तिथे दिसतं. ते व्यवसायाने डोळे तपासायचे आणि आईवडिलांच्या घरात रेकॉर्डिंग करायचे, असं वाचलं. मग ते एवढे मोठे कसे झाले? त्यांचा तो आवाज कुठल्या माइकमुळे यायचा? आणि अशी कारकीर्द आज कुणाला करता येईल का?"

माइकचं आधी सांगून टाकतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकून पडतात. त्यांचा आवडता माइक होता नॉयमन यू ४७. जर्मन बनावटीचा हा कंडेन्सर माइक अमेरिकेत टेलिफुंकेन या नावाने विकला जायचा आणि तो फार लवकर विकत घेणाऱ्या तिथल्या मोजक्या इंजिनिअरांत व्हॅन गेल्डर होते. पण पुढे हाच माइक न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, लंडन इथल्या कितीतरी स्टुडिओंत आला. तिथून निघालेली रेकॉर्डं त्यांच्यासारखी वाजत नाहीत. म्हणजे उत्तर माइकमध्ये नाही.

व्हॅन गेल्डर स्वतः याबाबत कमालीची गुप्तता पाळायचे. स्टुडिओत कुणी फोटो काढणार असेल तर आधी माइक जागचे हलवून ठेवायचे, म्हणजे कुठला माइक कुठे होता ते कुणाला कळू नये. यंत्रांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालायचा नाही आणि ते स्वतः हातमोजे घालून काम करायचे. याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्याने लोकांना वाटतं, दडवलेलं काहीतरी गुपित असणार. माझं मत वेगळं आहे. त्यांच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कधीच लपलेली नव्हती. खोली, माइक, कन्सोल (सगळ्या माइकचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारं यंत्र), टेप आणि शेवटी तबकडीवर खाच कोरणं, ही सगळी साखळी एकाच माणसाच्या हातात होती. मोठ्या कंपन्यांत ही कामं वेगवेगळ्या विभागांत वाटलेली असायची. रेकॉर्डिंग करणारा एक, मास्टर (जिच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात ती मूळ तबकडी) कापणारा दुसरा, आणि कित्येकदा दोघांची गाठही पडायची नाही.

आता ते डोळ्यांचं प्रकरण. जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा. लहानपणी टपालाने मागवलेल्या घरगुती यंत्रावर तबकड्या कोरून बघायचे, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचाही नाद होता. शिक्षण मात्र फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीत घेतलं. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नव्हते, नजर तपासून चष्म्याचा नंबर देणारे होते. टीनेक गावात त्यांचा दवाखाना होता. रेकॉर्डिंगवर पोट भरेल असं त्या काळात वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि मोठ्या कंपनीत नोकरी धरून दुसऱ्याच्या नियमांनी काम करणं त्यांना नको होतं. त्यामुळे दिवसा डोळे तपासायचे, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं, आणि दवाखान्यात मिळालेला पैसा यंत्रांत घालायचा, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पूर्णवेळ रेकॉर्डिंगमध्ये उतरले ते १९५९ साली. तोवर त्यांच्या हातून मैल्स डेव्हिस, सॉनी रॉलिन्स, थेलोनियस मंक, आर्ट ब्लेकी, जॉन कोल्ट्रेन या सगळ्या नामवंत जॅझवादकांची रेकॉर्डं झालेली होती. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, शेवटच्या प्रश्नाला उपयोगी पडेल.

न्यू जर्सीतल्याच हॅकेनसॅक गावी आईवडिलांनी १९४६ च्या सुमारास नवं घर बांधलं, तेव्हा दिवाणखान्याला लागून एक छोटी कंट्रोल रूम आणि मध्ये दुहेरी काच अशी सोय आराखड्यातच करून घेतली होती. आईवडिलांनी मुलाच्या छंदासाठी घराचा नकाशा बदलला, याचं मला फार कौतुक वाटतं. जॅझची रेकॉर्डं काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीतले फ्रान्सिस वुल्फ यांनी त्या खोलीत काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. त्यांत मागे खिडक्यांचे पट्टीचे पडदे आणि घरातला दिवा दिसतो, आणि समोर सॅक्सोफोन घेऊन घामाघूम झालेला माणूस. एका घरातली बसायची खोली, बस. मंकने आपल्या एका रचनेला त्या गावाचंच नाव दिलं आहे.

ब्लू नोटशी गाठ कशी पडली ती हकिगत ऐकण्यासारखी आहे. गिल मेले नावाच्या तरुण सॅक्सोफोनवादकाचं रेकॉर्डिंग व्हॅन गेल्डर यांनी केलं होतं. ते ब्लू नोटच्या अल्फ्रेड लायन यांनी ऐकलं. लायन बर्लिनहून आलेले जर्मन, १९३९ साली त्यांनी ही छोटी कंपनी काढली होती. ते रेकॉर्डिंग घेऊन ते आपल्या नेहमीच्या स्टुडिओतल्या इंजिनिअरकडे गेले आणि म्हणाले, मला असा आवाज हवा. त्या इंजिनिअरने सरळ सांगितलं, हे मला जमणार नाही, ज्याने केलं त्याच्याकडेच जा. त्या अनाम वाटणाऱ्या इंजिनिअरचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. १९५३ पासून लायन हॅकेनसॅकला येऊ लागले. पाठोपाठ प्रेस्टीज आणि सव्हॉय या कंपन्याही आल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे तबकडीकडे. आजच्या विद्यार्थ्याला हा भाग अगदी परका असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. फेऱ्यांचा वेग तोच राहतो, पण परीघ आत आत लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलापाशी पोचेपर्यंत तीच २१ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे तेवढाच आवाज आतल्या बाजूला निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरावा लागतो. झांजेचा तीव्र छणका किंवा ट्रंपेटचा वरचा स्वर तिथे सुईला नीट मागोवा घेता येत नाही, आवाज फाटतो. खर्जाचं दुखणं वेगळंच. खर्ज जितका मोठा, तितकी खाच जास्त रुंद डुलते, शेजारच्या खाचेपासून अंतर ठेवावं लागतं, आणि एका बाजूला मावणारी मिनिटं कमी होतात. स्टिरिओ आल्यावर आणखी एक भानगड सुरू झाली. डाव्या-उजव्या बाजूचा खर्ज एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये गेला, म्हणजे एका बाजूची लहर वर जाताना दुसरीची खाली गेली, की खाच उथळ होते आणि सुई चक्क उडी मारते. आवाज हळू कोरावा तर तबकडीची खरखर वर येते. मोठा कोरावा तर वरच्या सगळ्या अडचणी एकदम अंगावर येतात.

व्हॅन गेल्डर ही सगळी कसरत स्वतः करायचे. खाच कोरणाऱ्या यंत्रावर, म्हणजे कटिंग लेथवर, लॅकर (मऊ थर दिलेली कोरी तबकडी) ठेवून मास्टर तेच कापायचे, आणि मोठ्या आवाजात कापायचे, सुई उडणार नाही इतपत बेताने. एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं होतं की दोन लेथ एकाच वेळी चालवून त्यांनी एका दिवसात १७ पर्यंत मास्टर कापलेले आहेत. याचा परिणाम रेकॉर्डिंगच्या वेळीच होतो. संध्याकाळी वादकासमोर माइक ठेवणारा माणूस सकाळी तीच टेप लेथवर लावणार असेल, तर माइक ठेवतानाच त्याच्या डोक्यात खाच असते. बासचा खर्ज किती ठेवला तर पुढे नडणार नाही, झांजेपासून किती लांब राहायचं, सॅक्सोफोन किती जवळ घेतला तर तो टेपच्या सुसकाऱ्यावर मात करून उठेल, हे त्याला कानाने आणि हाताने माहीत असतं. जुन्या एलपी गोळा करणारे लोक तबकडी उजेडात तिरकी धरून शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधली कोरी पट्टी बघतात. तिथे आरव्हीजी ही तीन अक्षरं किंवा पूर्ण आडनावाचा शिक्का असेल तर त्या प्रतीची किंमत वाढते. हे वेड मला रास्त वाटतं, कारण त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की ज्याने खोलीत ऐकलं त्यानेच कोरलं.

दुसरी गोष्ट, मिक्स. आज तुम्ही तबल्याचे दोन ट्रॅक, गायकाचा एक, हार्मोनियमचा एक, तानपुऱ्याचा एक असं वेगवेगळं घेता आणि बॅलन्स नंतर ठरवता. पन्नाशीच्या दशकात जॅझसाठी अशी सोय नव्हती. पाचसहा वादकांचे माइक कन्सोलवर येत, तिथून थेट एका ट्रॅकवर, पुढे स्टिरिओसाठी दोन ट्रॅकवर जात. मिक्स म्हणजे वादन चालू असताना बोटांनी जे झालं ते. ट्रंपेटचा सोलो संपून सॅक्सोफोन सुरू होतो त्या क्षणी एक वर आणि एक खाली गेलं पाहिजे. ते चुकलं तर टेप कापून दुसऱ्या टेकचा, म्हणजे त्याच रचनेच्या दुसऱ्या वादनाचा, तुकडा जोडायचा किंवा पुन्हा वाजवायचं, तिसरा मार्ग नाही. आणि सोलो कधी संपणार हे कागदावर लिहिलेलं नसतं, कारण ते उत्स्फूर्त वादन असतं. म्हणजे इंजिनिअरला संगीत ऐकता आलंच पाहिजे, नुसता काटा बघून चालत नाही. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळातही हॅकेनसॅकच्या कंट्रोल रूममध्ये ते एकाच स्पीकरवर ऐकायचे. डावं-उजवं पसरवून दोष झाकायला जागाच नाही. एका स्पीकरमधून पाचही वाद्यं स्वच्छ ऐकू आली तर बॅलन्स खरा.

त्या खोलीतलं वातावरण जवळून बघायचं असेल तर २४ डिसेंबर १९५४ चं सेशन ऐका. मैल्स डेव्हिस, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, पियानोवर मंक, बासवर पर्सी हीथ, ड्रम्सवर केनी क्लार्क. एका टेकच्या सुरुवातीलाच मंक विचारतो की मी नक्की कुठे शिरायचं, बाकीचे वैतागतात, सगळं विस्कटतं. आणि मैल्स काचेकडे वळून म्हणतो, रुडी, हे सगळं रेकॉर्डवर घे. आणि ते खरोखर रेकॉर्डवर राहिलं, आजही ऐकू येतं. आता त्या बोलण्याचा आवाजच ऐका. माणसं बोलताहेत ती खोली किती लहान आहे ते कळतं, आणि दुसऱ्या क्षणी व्हायब्राफोन सुरू होतो तेव्हा तीच खोली मोठी वाटते. कारण वाद्यांचे माइक जवळ आहेत आणि त्यांच्याभोवती थोडा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या जागेसारखी घुमार, दिलेला आहे. एका टेपवर हा फरक इतका उघड ऐकायची संधी क्वचित मिळते. दोन वर्षांनी, ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन तारखांना मैल्सच्या पाच जणांच्या संचाने प्रेस्टीजचा करार पुरा करण्यासाठी याच खोलीत चार एलपी भरतील इतकं वाजवलं, बरंचसं पहिल्याच टेकमध्ये. हार्मन म्यूट (आवाज दाबण्यासाठी ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं धातूचं बूच) लावलेला ट्रंपेट माइकच्या अगदी तोंडाशी आणला की किती बारीक आणि किती जवळचा होतो, ते शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यामुळे माझं स्वतःचं मत बनलं. ब्लू नोट आणि प्रेस्टीज या दोन्ही कंपन्यांची रेकॉर्डं त्याच काळात, त्याच खोलीत, त्याच माणसाने केली. कंपन्यांना आठवड्यातले वार वाटून दिलेले असायचे. तरी दोन्हींचा बाज वेगळा ऐकू येतो. लायन वादकांना तालमीचे पैसे देत, त्यामुळे सेशनला येईपर्यंत रचना बसलेली असायची. शिवाय त्यांना आवाज कसा हवा याची पक्की कल्पना होती, आणि ते काचेच्या आत बसून ती सांगत. प्रेस्टीजचे बॉब वाइनस्टॉक तालमीवर खर्च करत नसत. वादक यायचे, चाल ठरवायचे आणि वाजवायचे. त्या मोकळेपणालाही एक गोडवा आहे. पण ज्याला आपण व्हॅन गेल्डरचा आवाज म्हणतो तो बराचसा लायन आणि व्हॅन गेल्डर या दोघांचा मिळून आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे कुठल्या रेकॉर्डिस्टचं काम चांगलं झालं की त्यामागे कोण संगीतकार, कोण निर्माता, किती तालीम झाली, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

त्यांच्या कामावर टीकाही आहे आणि ती खरी आहे. त्यांचा पियानो पेटीत कोंडल्यासारखा आणि मागे ढकललेला वाटतो, ही तक्रार जुनी आहे, आणि हॅकेनसॅकची कित्येक रेकॉर्डं ऐकून मलाही ती पटते. चार्ल्स मिंगस या मोठ्या बासवादकाने तर उघड सांगितलं होतं की हा माणूस वादकाला माइकसमोर असा उभा करतो की त्याचा नादच बदलून जातो, माझा बास त्याने बिघडवला, मी त्याच्याकडे जाणार नाही. मिंगसचा राग समजून घेण्यासारखा आहे. ज्याने उभं आयुष्य एक नाद घडवण्यात घालवलं, त्याला दुसऱ्याने तो वळवलेला कसा चालेल? आपल्याकडे शास्त्रीय गायकांच्या बाबतीत हा प्रश्न रोज येतो. गळ्याला जवळचा माइक लावला की खर्ज फुगतो, ऐकणाऱ्याला भारदस्त वाटतं, पण गायक म्हणतो, हा माझा आवाज नाही. अशा वेळी मी गायकाचं ऐकतो. व्हॅन गेल्डर अशा वेळी बहुधा स्वतःच्या कानाचं ऐकत असावेत. दोन्ही पद्धतींतून चांगलं काम निघालेलं आहे.

१९५९ च्या उन्हाळ्यात त्यांनी जवळच्याच एंगलवुड क्लिफ्स इथे स्वतःचा स्टुडिओ उघडला. फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे शिकलेल्या डेव्हिड हेंकेन यांनी तो बांधला. लाकडी कमानी, देवदाराचं छत आणि ते छत ३९ फूट उंच. आत पाऊल टाकल्यावर अनेकांना प्रार्थनागृहात आल्यासारखं वाटायचं. इथे पहिल्यांदाच खोलीला स्वतःचा श्वास मिळाला, आणि १९५९ नंतरच्या रेकॉर्डांत ड्रम्सभोवती जी हवा ऐकू येते ती याच छताची. ९ डिसेंबर १९६४ च्या रात्री कोल्ट्रेन, मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांनी तिथे एकाच बैठकीत 'अ लव्ह सुप्रीम' वाजवलं. एल्विन जोन्सचे ड्रम्स इतके जोरकस आहेत की लहान खोलीत ते सगळ्यांच्या माइकमध्ये शिरून चिखल झाला असता. इथे लीकेज, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं, आहेच, पण ते गोड लागतं, कारण उंच छतावरून परत येणारा आवाज उशिरा आणि मवाळ होऊन येतो. आपल्या बहुतेक स्टुडिओंत छत खाली असतं. तिथे तबला आणि गायक समोरासमोर बसवून रेकॉर्ड केलं की गायकाच्या माइकमध्ये येणारा तबला कर्कश का लागतो, याचं उत्तर इथे आहे.

पुढचं थोडक्यात. साठीच्या दशकात इम्पल्स, सत्तरीत क्रीड टेलर यांची सीटीआय, अशा कंपन्यांची कामं येत राहिली. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेणारं मल्टिट्रॅक आलं, तेही त्यांनी केलं. डिजिटल आल्यावर बऱ्याच जुन्या लोकांनी नाकं मुरडली, व्हॅन गेल्डर यांनी मात्र स्वागत केलं. आवाज सर्वांत जास्त बिघडवते ती एलपीच, ती गेली ते बरं झालं, असं ते स्पष्ट म्हणत. हजारो मास्टर कापलेला माणूस हे म्हणतो तेव्हा मला ते मानावं लागतं, एलपीवर माझं कितीही प्रेम असलं तरी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आपलीच जुनी ब्लू नोट रेकॉर्डिंग सीडीसाठी नव्याने मास्टर केली. वादकांना आपला आवाज कसा हवा होता ते मला आठवतं, मी त्यांचा निरोप्या आहे, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती. २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्सने त्यांना जॅझ मास्टर हा सन्मान दिला, २०१२ मध्ये ग्रॅमी देणाऱ्या संस्थेने ट्रस्टीज पुरस्कार दिला. २५ ऑगस्ट २०१६ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, एंगलवुड क्लिफ्सलाच ते गेले.

अशी कारकीर्द आज होईल का? अगदी तशीच होणार नाही. एका शहराभोवती तेवढे मोठे वादक, रोज रेकॉर्डं काढणाऱ्या छोट्या कंपन्या आणि चांगली टेप व चांगले माइक नुकतेच हाती येण्याचा काळ, हे सगळं एकदम जुळून आलं होतं. पण त्यातले दोन भाग तुमच्या हातात आहेत. पहिला, पोटाचा प्रश्न वेगळा सोडवण्याचा. दुसरी नोकरी धरून संध्याकाळी रेकॉर्डिंग करणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा आपण कमी पडतोय अशा सुरात बोलतात. नोकरीचा पगार असल्यामुळेच वाईट काम नाकारता येतं आणि एकाच खोलीत, एकाच प्रकारच्या संगीतावर वर्षानुवर्षं कान तयार करता येतो. दुसरा भाग साखळीचा. तुम्ही रेकॉर्ड केलेलं स्वतः मिक्स करा, स्वतः मास्टर करा, आणि शेवटी ते मोबाइलवर, रिक्षात, स्वस्त इअरफोनवर कसं वाजतं ते स्वतः ऐका. आजची तबकडी तीच आहे. तिथे काय फाटतं ते ऐकून पुढच्या वेळी माइकची जागा बदला.

या महिन्यात एक काम करून बघा. ओळखीतले एक गायक, एक तबलजी आणि एक हार्मोनियमवाले यांना एका खोलीत बसवा. तीनच माइक लावा, थेट दोन ट्रॅकवर घ्या, नंतर हात लावायचा नाही असं आधीच ठरवा. हार्मोनियम जास्त वाटली तर फेडरला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीला) हात घालण्याआधी पेटीवाल्यांना हातभर मागे सरकायला सांगा आणि पुन्हा ऐका. वीस मिनिटांचा ख्याल घ्या. मग दोनपैकी एक स्पीकर बंद करून पूर्ण ऐका, आणि बंदिशीचे शब्द, डग्ग्याची घुमार आणि हार्मोनियम तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात का ते लिहून काढा. एखादं ऐकू येत नसेल तर त्याच लोकांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.